खामफायदादाचा ट्रे

मित्रांनो, चिमटा म्हटले की तुम्हाला तव्यावरची पोळी आठवते. आठवू द्या, त्याचा मला राग नाही. मीही एक जुना चिमटाच आहे, फक्त घराणे वेगळे. माझी लांबी वीतभर, मान वाकडी, आणि टोकाला समोरासमोर मिटणारे दोन इवले चमचे आहेत. गेली एकतीस वर्षे माझा मुक्काम ईशान्य थायलंडात, ‘ची’ नावाच्या नदीकाठच्या एका शहरातल्या सरकारी इस्पितळात आहे.

माणसाच्या पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड यकृत असते. ते पित्त तयार करते आणि ते पित्त एका नलिकेतून आतड्यात उतरते. कधी कधी त्या नलिकेत खडे अडकतात, पित्त तुंबते आणि माणूस डोळ्यांपासून नखांपर्यंत पिवळा पडतो. पूर्वी अशा वेळी डॉक्टर पोट उघडत, नलिकेला बारीकशी चीर देत आणि मला आत सोडत. त्या अंधाऱ्या, निसरड्या बोळातून चाचपडत जायचे, खडा हलकेच धरायचा आणि कुठे काही न फाडता बाहेर यायचे, हे माझे काम होते. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण ते मी फार चांगले करीत असे.

माझा जन्म पाकिस्तानातल्या स्यालकोटच्या एका गल्लीत झाला. ज्या कारागिराने मला घडवले त्याने माझे चमचे तीनदा घासले आणि तिसऱ्यांदा स्वतःच्या बोटाची कातडी त्यांत धरून पाहिली. कातडीला ओरखडा उठला नाही तेव्हाच त्याने मला कागदात गुंडाळले. माझ्या आयुष्यातली ती पहिली परीक्षा होती. पुढे जहाजातून, मग ट्रकमधून मी इकडे आलो.

आमच्या इस्पितळातले तेव्हाचे म्हातारे सर्जन मला हातात घेताना नेहमी म्हणत, “हा आला की खडा स्वतःच सरकतो.” एकदा तर त्यांनी मोजून सतरा खडे माझ्याकडून काढवले आणि मला वर धरून सगळ्यांना दाखवले. त्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या दिव्याखाली मी किती चमकलो असेन याची तुम्हीच कल्पना करा.

पण माझी खरी गोष्ट थिएटरमधली नाही, मित्रांनो. ती धुण्याच्या खोलीतली आहे, आणि ती खामफायदादाची आहे.

ऑपरेशन संपले की आम्हा सगळ्यांना ट्रेमध्ये भरून धुण्याच्या खोलीत पाठवतात. तिथे आम्हाला घासायचे, वाळवायचे, बिजागरीत तेल सोडायचे, उघडमीट करून पाहायचे आणि मग वाफेच्या मशीनमध्ये ठेवायचे, हे काम खामफायदादा करीत असे. ठेंगणा, रुंद पंजांचा, सदा गुणगुणणारा माणूस. आमच्यातल्या एकेकाची खोड त्याला ठाऊक होती. कोणती कात्री डावीकडे ओढते, कोणत्या पकडीचा दात झिजलाय, हे तो न पाहता सांगे. मोठमोठे डॉक्टर अवजार अडले की त्याला फोन करीत, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान होता!

त्याच्याकडे आणखी एक विद्या होती. लग्नघरी भांडी घासणाऱ्या बाईला पंगत कशी झाली ते खरकट्यावरून कळते ना, तसे त्याला ऑपरेशन कसे झाले ते ट्रेवरून कळे. ट्रेमधले सगळे रक्ताने माखून आले, की तो खूश. म्हणे, “आज सगळे रंगून आले! डॉक्टरांनी काम पुरं केलं.” पण कधी कधी झाकण उघडल्यावर फक्त सुरी, चारदोन पकडी आणि टाके घालायची सुई तेवढी माखलेली असे. बाकी आम्ही जसे गेलो तसेच कोरडे परत. म्हणजे पोट उघडले, आतला पसारा पाहिला आणि काही करण्यासारखे नाही म्हणून मिटले. मग दादाचे गुणगुणणे थांबे. तो कोरड्यांनाही तितक्याच मायेने धुई.

असे कोरडे ट्रे आमच्याकडे फार येत. या नदीतला मासा इथल्या माणसांना जीव की प्राण. तो कच्चाच बारीक चिरायचा, वर लिंबू पिळायचे, भाजल्या तांदळाची पूड आणि मिरची घालायची, आणि चिकट भाताच्या गोळ्याबरोबर मिटक्या मारत खायचा. त्या कच्च्या माशातून एक चपटी अळी पोटात जाते आणि पित्ताच्या नलिकेत वर्षानुवर्षे घर करून राहते. पुढे कुणाकुणाला त्या नलिकेचा कर्करोग होतो. इकडे त्याला सगळे ‘माशाचा आजार’ म्हणतात. डोळे पिवळे झाले, की गावातली माणसे कुजबुजायला लागतात, आणि घरची माणसे रडायला.

दादाच्या थोरल्या भावाला तो आजार झाला होता. भावाचा ट्रे दादानेच उघडला होता. सुरी, चार पकडी, एक सुई. त्या दिवशी मीही त्या ट्रेमध्ये होतो आणि कोरडाच परतलो. दादाने मला तीनदा धुतले. माझ्यावर डाग नव्हता, तरी तीनदा.

मग काळ बदलला. तोंडातून लांब नळी घालून, पोट न उघडता खडे काढायची सोय आली. रोग्यांचे भले झाले, त्याचे मला वाईट का वाटावे? पण माझे काम गेले, हे खरे. आधी मला रोजच्या ट्रेमधून काढले, मग भंगाराच्या यादीत माझे नाव लिहिले गेले. दादाने ती यादी वाचली, मला उचलले आणि तळच्या खणात ठेवले. मग यादीवर माझ्या नावापुढे लिहिले: ‘सापडत नाही.’

बारा वर्षे मी त्या खणात काढली. पण दर शुक्रवारी, काम आटोपल्यावर, दादा खण उघडी, माझ्या बिजागरीत तेलाचा एक थेंब सोडी आणि मला दोनदा उघडमीट करी. सोबत काम करणाऱ्या बायका त्याची टिंगल करीत.

“दादा, घरी वहिनीची तरी एवढी काळजी घेता का हो?”

“तिला तेल लागत नाही. तिची जीभ आपोआप चालते,” दादा म्हणे.

“अहो, पण याला काम काय आता?”

“थोरल्या माणसाला रोज काम नसतं, म्हणून त्याला जेवायला घालायचं नाही का?”

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही, मित्रांनो.

अशाच एका शुक्रवारी त्याने मला उचलले, आणि मला त्याचे नख दिसले. ते पिवळे होते. हळदीचे पिवळे नव्हे, पित्ताचे. असा पिवळा मी शेकडो वेळा पाहिला होता. पण ते सांगायला मी शब्द कुठून आणू? मी नुसता थंड पडून राहिलो.

पुढचे दहा दिवस दादा काळा चष्मा लावून कामाला आला. विचारले तर म्हणे, डोळे आलेत. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घाली आणि बायकांची पाठ वळली की कराकरा खाजवी. गुणगुणणे बंदच झाले होते. शेवटी थिएटरमधल्या सुमनथा सिस्टर एके दुपारी खोलीत शिरल्या. पंचवीस वर्षे त्या डॉक्टरांच्या हातात आम्हाला देत आलेल्या. बाई बोलायला फटकळ आणि मनाने लोणी. त्यांनी काही न विचारता सरळ त्याचा चष्मा काढून घेतला.

मागचे डोळे पिवळे होते.

“किती दिवस झाले, खामफायदादा?”

“तीन आठवडे. चष्मा द्या.”

“बुआलायवहिनीला माहीत आहे?”

“एका उशीवर झोपते ती माझ्याबरोबर. तिला नसेल माहीत? रोज रडते आणि रोज माशावरून शिव्या घालते.”

“आणि तुम्ही इथे येऊन लपता! इस्पितळात काम करता ना तुम्ही? लाज नाही वाटत?”

“सिस्टर,” दादा शांतपणे म्हणाला, “माझ्या भावाचा ट्रे मी धुतलाय. तसा एक ट्रे माझ्या नावाने या खोलीत येऊ द्यायचा नाही. उघडायचं आणि मिटायचं, त्यापेक्षा न उघडलेलं बरं. जे दिवस आहेत ते अंगणात बसून काढीन.”

“तुमचं पोट तुम्ही बाहेरूनच वाचलंत वाटतं? डॉक्टर झालात?”

“इथला कोणीही वाचेल. पिवळे डोळे, कच्चा मासा. आणखी काय वाचायचं?”

सिस्टरनी त्याचे मनगट धरले आणि कोंबडी पकडून न्यावी तसे त्याला तपासणीला ओढत नेले. सगळ्या व्हरांड्याने ते पाहिले.

बाह्यरुग्ण विभागातल्या नव्या डॉक्टरनेही पहिल्यांदा तेच केले. सोनोग्राफीत नलिका बंद दिसली, रोग्याने कच्चा मासा खात होतो म्हणून सांगितले, आणि त्याने कागदावर माशाचा आजार लिहून टाकला. त्याला तरी काय दोष देणार? या भागात दहातल्या नऊ वेळा तो बरोबर ठरला असता.

पण तो कागद डॉक्टर नलिनरत यांच्या टेबलावर गेला. या आमच्या आताच्या सर्जन. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, आवाज इतका हळू की ऐकायला सगळ्यांना गप्प बसावे लागते. लिहिलेले निदान वाचून त्या कधी थांबत नाहीत. त्यांनी रक्त पुन्हा तपासायला लावले, नवे फोटो काढवले, आणि चौथ्या दिवशी फोटो घेऊन स्वतः धुण्याच्या खोलीत आल्या. सर्जन त्या खोलीत सहसा येत नाहीत. दादा खुर्चीवरून उठायला लागला.

“बसा, काका. तुमचा मासा निर्दोष आहे.”

“काय?”

“हा माशाचा आजार नाही. नलिकेत जे अडकलंय ते नलिकेचं नाहीच. ते वरून आलंय.” त्यांनी फोटो उजेडात धरला. “यकृताच्या डाव्या भागात ही गाठ आहे. कर्करोगच आहे, खोटं सांगत नाही. ती वाढत वाढत नलिकेत उतरली आणि तिथे बुचासारखी बसली. म्हणून पित्त तुंबलं. जन्मताच आईकडून हिपॅटायटिस-बी काविळीचा विषाणू तुमच्या रक्तात आला होता, त्याने इतक्या वर्षांनी हे केलं.”

“चाळीस वर्षं ती बाई मला माशावरून बोलतेय,” दादा पुटपुटला.

“बोलू द्या. कच्चा मासा तरीही बंदच.” डॉक्टर जरा हसल्या. मग त्या खाली, त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. “काका, माशाचा आजार नलिकेच्या भिंतीतच मुरतो. हे बूच पुष्कळदा नुसतं आत लोंबत असतं, भिंतीला चिकटलेलं नसतं. तसं असेल, तर यकृताचा डावा भाग काढायचा आणि बूच ओढून घ्यायचं. मी असं पूर्वी सहा वेळा केलंय.”

“आणि चिकटलेलं असलं तर?”

“फोटोत मला चिकटलेलं दिसत नाही. पण खरं काय ते उघडल्यावरच कळेल.”

“मला एक वचन द्या. उघडून मिटणार नाही असं.”

खोलीतल्या बायकांनी नळ बंद केले.

“नाही देत,” डॉक्टर म्हणाल्या. “काढता येण्यासारखं नसेल तर मी मिटणार. उगीच कापून तुम्हाला मारणार नाही. सगळं नीट झालं तरी आजार परत येऊ शकतो, तेही आत्ताच सांगते. वचन एवढंच, की सोपं वाटावं म्हणून मी काही सोडून देणार नाही.”

मित्रांनो, आयुष्यात मी गोड बोलणारे पुष्कळ ऐकले. पण या बाईंसारखे खरे बोलायला फार मोठी छाती लागते. दादाने फोटोकडे पाहिले, मग आपल्या पिवळ्या नखांकडे.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “पण माझा ट्रे मी मांडणार.”

लगेच ऑपरेशन करता येत नव्हते. आधी बरगड्यांतून बारीक नळी घालून तुंबलेले पित्त बाहेर काढले. तीन आठवडे कमरेला पित्ताची पिशवी लटकवून दादा हिंडत होता. पिवळेपण हळूहळू उतरले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो धुण्याच्या खोलीत आला. रोग्याने अवजारांना हात लावणे नियमात बसत नाही. सिस्टरनी त्याला दाराजवळ खुर्चीवर बसवले. तो बोट दाखवी, सिस्टर ट्रेमध्ये ठेवीत.

“ती नको, ती डावीकडे ओढते. शेजारची. हां. आता तळचा खण उघडा.”

“तळच्या खणात काय आहे?” सिस्टर वाकल्या आणि मला पाहून कपाळाला हात लावला. “हा? हा तर हरवला होता ना!”

“सापडला.”

“या म्हाताऱ्याला कशाला नेता? डॉक्टरांकडे फुगा लावलेली नळी आहे, नव्या नाजूक पकडी आहेत.”

“असू द्या. नलिका उघडणार ना उद्या? मग ती गल्ली पाहिलेला एकजण तरी बरोबर असावा.”

सिस्टरनी मला उघडमीट करून पाहिले. मग शेवटच्या रांगेत ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला आत आणले तेव्हा त्याच्या दोन्ही मनगटांवर पांढऱ्या दोऱ्यांचा जाड पट्टा होता. इथे कुणी अवघड वाटेला निघाला, की घरची आणि शेजारची माणसे त्याच्या मनगटाला दोरा बांधतात, म्हणजे जीव अंगात टिकून राहतो. निदान तीन दिवस तो सोडायचा नसतो. थिएटरात मात्र अंगावर दोराही चालत नाही. सिस्टर कात्री घेऊन आल्या, दादाच्या डोळ्यांत पाहिले, आणि कात्री खाली ठेवून दोऱ्यांवरून स्वच्छ पट्टी घट्ट गुंडाळली. “बुआलायवहिनीच्या गाठी आहेत. कापल्या तर ती मला कापेल,” त्या म्हणाल्या. गुंगीचे औषध चढत होते, तरी दादा हसला.

मग पोट उघडले. माझ्या शेजारची सुरी गेली, पकडी गेल्या. सुरी, चार पकडी. मी मोजत होतो. डॉक्टरांचे हात आत होते आणि त्या काहीच बोलत नव्हत्या. सुई मागतात की काय? मला दुसरे काही सुचत नव्हते.

“मोठी पकड,” डॉक्टर म्हणाल्या.

म्हणजे काम सुरू झाले होते. पुढचे चार तास मी जे पाहिले त्याला तोड नाही. यकृत रक्ताने भरलेले असते. त्याच्याकडे येणारी रक्ताची वाट थोडा वेळ आवळायची, तेवढ्यात थोडे कापायचे, एकेक शीर बांधायची, मग वाट मोकळी करून यकृताला श्वास घेऊ द्यायचा. असे तसूतसूने डॉक्टर पुढे सरकल्या. कपाळावर घाम, पण बोटांना घाई नाही. गाठीसकट डावा भाग सुटा झाला. मग नलिकेला चीर दिली, आणि ते बूच दिसले. करडे, मऊ, बोटभर लांब.

आधी फुग्याची नळी आत गेली. ती बुचाच्या बाजूने घसरून परत आली. मग नवी नाजूक पकड गेली. तिच्या टोकात बुचाचा कणभर तुकडा आला.

“थांबा,” डॉक्टर म्हणाल्या. “असं तुटत राहिलं तर तुकडे उजव्या बाजूला जातील. सगळं एकदम यायला हवं.” त्या क्षणभर विचारात पडल्या. “पूर्वी खड्यांसाठी एक वाकडा चिमटा असायचा. चमच्यांचा. तो आता कुठे मिळणार?”

सुमनथा सिस्टरनी मान वर न करता मला त्यांच्या तळहातावर ठेवले.

बारा वर्षांनी मी त्या बोळात उतरलो, मित्रांनो. डॉक्टरांनी मला मिटलेले आत सोडले आणि अंगठा हलकेच हलवला. मी उघडलो. कुरकुर नाही, अडकणे नाही. कारागिराने तीनदा घासलेल्या माझ्या चमच्यांनी ते बूच कुठेही न चावता कुशीत घेतले. डॉक्टरांनी ओढले नाही. त्यांनी नुसते धरले, किंचित फिरवले, वाट पाहिली, पुन्हा फिरवले. भिंतीने त्याला सोडले. ते अख्खे बाहेर आले, आणि त्याच्यामागून सोन्यासारखे पित्त वाहू लागले. मग बारीक कॅमेरा आत घालून त्यांनी एकेक फाटा पाहिला. भिंत स्वच्छ होती.

“कोणी ठेवला होता हा?” डॉक्टरांनी विचारले.

“ज्याच्या पोटात तुमचे हात आहेत, त्याने,” सिस्टर म्हणाल्या.

आमचा ट्रे धुण्याच्या खोलीत पोचला तेव्हा दुपार कलली होती. कोणाचा फोन आला नव्हता. दादाच्या सोबतच्या दोघी बायका उभ्या होत्या. दाराबाहेर जमिनीवर बुआलायवहिनी बसल्या होत्या, मांडीवर भाताची टोपली, तिचे झाकणही उघडलेले नव्हते. त्यांना प्रतीक्षागृहात बसवले होते, पण त्या तिथून उठून इथे आल्या होत्या. पंचवीस वर्षे रोज जेवताना त्यांनी नवऱ्याकडून ट्रेची भाषा ऐकली होती. बातमी आधी कुठे येते ते त्यांना पक्के ठाऊक होते.

एकीने झाकण उघडले. दोघी वाकून पाहत राहिल्या.

“सांगा ना गं,” वहिनी दारातून म्हणाल्या. “किती रंगले?”

“सगळे, वहिनी.” ती बाई हसत होती की रडत होती, कळत नव्हते. “शेवटच्या रांगेपर्यंत सगळे! तळच्या खणातला म्हातारासुद्धा रंगून आलाय!”

वहिनींनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग टोपली उघडून त्यांनी भाताचा एक गोळा तोंडात घातला. सकाळपासूनचा तो पहिला घास होता.

या गोष्टीला आता दोन वर्षे झाली. दर तीन महिन्यांनी दादा फोटो काढून घ्यायला जातो. आजवर फोटो स्वच्छ आले आहेत. पुढचे कोणी सांगावे? डॉक्टर नलिनरत तर मुळीच सांगत नाहीत. भंगाराच्या यादीवरचे माझे नाव मात्र खोडले गेले, आणि मी पुन्हा ट्रेमध्ये आहे. दादाने माझ्या मानेला पांढरा दोरा बांधायचा हट्ट धरला होता. सिस्टरनी तो खणाच्या मुठीला बांधायला लावला.

मित्रांनो, मी धातूचा, मला उपदेश काय जमणार? एवढेच सांगतो. मासा नीट शिजवून खा. घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले तर चष्म्यामागे लपवू नका, आणि ‘आम्हाला ठाऊक आहे हे काय आहे’ असे म्हणून आधीच रडायला बसू नका. कुणीतरी नीट पाहीपर्यंत विचारत राहा. आणि तुमच्या घरी तळच्या खणात कोणी जुने पडले असेल, अवजार असो की माणूस, तर आठवड्यातून एकदा तो खण उघडा. एक थेंब पुरतो.

मला तो दर शुक्रवारी मिळत होता. म्हणून त्या दिवशी, ज्याने तो दिला त्याच्यासाठी, मी उघडलो.